बिनतेलाचे रविवार

शेवटी तुमच्या केसांना तेल लागलंच, अक्का.

मी पोचले तेव्हा तुम्हाला भाड्याने आणलेल्या बर्फाच्या पेटीत ठेवलं होतं. श्रीधर अमेरिकेहून निघाला होता, तो येईपर्यंत थांबायचं होतं. वरच्या मजल्यावरच्या सरोजा मामींनी तुम्हाला न्हाऊ घातलं, कोरी साडी नेसवली, आणि जेमतेम मानेपर्यंत आलेल्या तुमच्या केसांवर खोबरेल थापून ते दोन्ही बाजूंना चापून बसवले. त्यांनी ते मायेनेच केलं, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण काचेतून तुमचा तो तुळतुळीत भांग पाहिला आणि मला रडू यायच्या आधी राग आला. पाच महिने तुम्ही माझ्याशी धड बोलला नाहीत. आता मी भांडले असते तरी तुम्हाला ऐकू जाणार नव्हतं.

जमलेल्या बायकांपैकी एकीने मी कोण म्हणून विचारलं. मामी म्हणाल्या, पूर्वीची भाडेकरू. खरंच आहे. वेस्ट मांबलमच्या तुमच्या घरात पुढच्या खोलीत मी दोन वर्षं राहिले, त्यापलीकडे आपलं नातं काय ते कुणाला सांगता आलं नसतं. तुमच्या डोक्यावर अठ्ठेचाळीस पिना कशा बसतात हे जगात फक्त मला माहीत आहे, पण ते काही नातं नव्हे.

मी बार्शीहून आले होते, शोळिंगनल्लूरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत. काम टेस्टिंगचं, म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका काढायच्या आणि जिथल्या तिथे लिहून ठेवायच्या. स्वभावाला ते फार मानवलं. एजंटने सांगितलं की मराठी बोलणारी घरमालकीण आहे, एकटी असते, गणिताची निवृत्त शिक्षिका आहे. मी धावत आले. तुम्ही दार उघडून म्हणालात, "ये गे, बैस. जेवण झालें का?" आणि मला हसू फुटलं. तंजावरचं ते जुनं मराठी मी आधी कधी ऐकलंच नव्हतं. तुम्हीही माझं ऐकून घेतलंत आणि म्हणालात की हे तर बातम्यांचं मराठी. दोघी एकमेकींच्या भाषेला हसलो आणि माझं सामान आत आलं.

तुमची वेणी तेव्हा कमरेच्या खाली होती. अर्धी पांढरी, अर्धी काळी, रोज सकाळी तेल पिऊन तय्यार. सगळी गल्ली तुम्हाला अक्का म्हणायची आणि सगळी गल्ली त्या वेणीबद्दल बोलायची. म्हणून त्या डिसेंबरातल्या संध्याकाळी मी दार उघडलं आणि समोर चंदनाने पिवळं झालेलं गुळगुळीत डोकं दिसलं, तेव्हा मी किंचाळले. तुम्ही चपला काढल्यात, पिशवी खाली ठेवलीत आणि कॉफी मागितलीत.

कॉफी पिताना सगळं सांगितलंत. श्रीधरचा मुलगा दोन महिने आधी जन्मला होता, काचेच्या पेटीत होता, वजन मोजून सांगण्यासारखं नव्हतं. फोनवर श्रीधर रडला होता. त्याच दिवशी तुम्ही डोंगरावरच्या देवाला बोललात की पोर घरी आलं की माझे केस तुझे. पोर घरी आलं. तुम्ही शेजारणीबरोबर बसने जाऊन केस देऊन आलात. मला धक्का बसला तरी या शहरात कुणालाच त्यात काही वाटलं नाही. बसमध्ये, बाजारात, मुंडन केलेल्या बाईकडे चेन्नईत कोणी वळूनसुद्धा बघत नाही. नवस असेल, एवढंच मनात म्हणतात आणि आपल्या वाटेने जातात.

फक्त श्रीधरला कळायला नको होतं. वडील गेल्यावर त्यानेच तुम्हाला बजावलं होतं की आता हे उपासतापास, नवससायास पुरे. आणि तुम्ही विधवा होतात, हेही होतं. तुमच्या घराण्यातली एक आत्ते लाल आलवणात वारली होती, सबंध जन्म दर पंधरवड्याला न्हाव्यापुढे बसून. श्रीधरने ते फोटोत पाहिलं होतं आणि त्याला त्याची शरम वाटायची. मी तेव्हा विचारलं होतं, तुम्हाला नाही आठवली ती आत्ते, वस्तऱ्याखाली बसताना? तुम्ही म्हणालात, "आत्तेचे लोकांनी घेतले. माझे मी दिले." तो प्रश्न विचारला याची मला अजून लाज वाटते.

एप्रिलात केस दोन इंच झाले आणि पंचाईत झाली. ते ब्रशासारखे सरळ उभे राहायचे. जूनचं तिकीट पाठवतो असं श्रीधर म्हणाला होता. सहा महिने राहायचं, नातवाचा पहिला वाढदिवस तिथेच करायचा. तुम्ही महिनाभर आधीच लोणच्याच्या बरण्यांना मेण लावत होतात. आणि रोज आरशासमोर उभ्या राहून म्हणायचात की हे बघितलं की त्याला कळणार, भादरलेले केसच असे वाढतात. मग एक दिवस तुम्ही खाली मान घालून, परीक्षेत नापास झालेल्या मुलीसारख्या, मला म्हणालात, "मेधा, मला कुरळे होणें." तुमच्या बोलीत हवं असलं की ‘होणें’ म्हणतात. कुरळे असले की केस मुद्दाम कापून घेतलेत असं वाटेल, फॅशन वाटेल, हा तुमचा हिशेब. पुढच्या गल्लीतली पार्लरवाली तुमचीच जुनी विद्यार्थिनी, तिच्यापुढे डोकं घेऊन बसणं तुम्हाला जमेना. तेव्हा घरीच.

शाळेच्या गॅदरिंगला माझी आई माझे केस कुरळे करायची. ओल्या केसांच्या बटा चिंध्यांवर गुंडाळायच्या, गाठी मारायच्या, सकाळी सोडायच्या. तुमच्या दोन इंचांवर चिंधी टिकेना. मग मी पेन्सिल घेतली. बट पेन्सिलीला गुंडाळायची, पेन्सिल हळूच काढून घ्यायची, राहिलेलं वेटोळं डोक्याला चपटं दाबायचं आणि दोन काळ्या पिना एकमेकींवर आडव्या मारायच्या. असं सगळं डोकं. तुम्ही गणिताच्या बाई, त्यामुळे डोक्याचे आधी चोवीस समान भाग झाले. मी आपली अंदाजाने घेत होते तर तुम्ही हातात आरसा धरून मला भाग चुकल्याचं सांगत होतात.

पहिल्या रविवारी सगळं फसलं. चेन्नईच्या हवेत काही वाळतच नाही, आणि वाळलंच तर तासाभरात पुन्हा ओलसर होतं. पिना काढल्या, दहा मिनिटं तुमच्या डोक्यावर छान लाटा होत्या, तुम्ही भाजीवाल्याशी बोलून परत आलात तोवर सगळे केस पुन्हा उभे. दुसऱ्या रविवारी तुमची युक्ती, भाताची पेज. साडीला खळ बसते तर केसांना का नाही? बसली खरी. पण वाळल्यावर तुमच्या खांद्यांवर पांढऱ्या खपल्या पडू लागल्या आणि देवळात एकीने कोंड्यावर औषध सुचवलं. तुम्ही तिचे आभार मानलेत आणि घरी येऊन मला झाडलंत.

तिसऱ्यांदा मी आईला फोन करून जवस मागवला. आईला वाटलं चटणी करणार. केसांना लावायला हवा म्हटल्यावर तिने केस गळतायत का म्हणून विचारलं. जवस पाण्यात उकळला की अंड्याच्या पांढऱ्यासारखा बुळबुळीत रस सुटतो, तो गरम असतानाच पंच्यातून गाळायचा, नाहीतर गाळताच येत नाही. तो लावून पिना मारल्या आणि दोन तास पंख्याखाली बसवलं. पिना काढून मी बोटांनी केस नुसते सोडवले, कंगवा लावला नाही. तुम्ही आरसा घेतलात आणि डोकं दोन्ही बाजूंना वळवून पाहिलंत. कॉलेजात असताना वर्गातल्या एका मुलीचे असे केस होते आणि तुमच्या वडिलांनी तुम्हाला तिच्या शेजारी बसायची बंदी केली होती, हे तुम्ही मला मग दुपारी जेवताना सांगितलंत. श्रीधरपासून लपवणं वगैरे ठीक होतं, अक्का. पण त्या दिवशी मला कळलं की तुम्हाला ते केस स्वतःसाठीसुद्धा हवे होते, चाळीस वर्षं हवे होते.

भांडण एकाच गोष्टीवरून. तेल. तेलकट केस वळण धरत नाही, हे मी तुम्हाला दर शनिवारी सांगायचे. तुम्ही दर शनिवारी हो म्हणायचात. आणि रविवारी शिकेकाईने धुतलेले केस हातात घेतले की बोटांना ओशट लागायचं. विचारलं की म्हणायचात, डोकं तापतें गे, थेंबभरच लावलें. सहावीतल्या पोरांच्या कॉप्या पकडणारी बाई, माझ्यापासून तेलाची बाटली तांदळाच्या डब्यात लपवायची. मी रागावून पुन्हा धुवायला लावायचे आणि तुम्ही मुकाट्याने जायचात. मला वाटतं तुम्हाला कोणीतरी रागावलेलं आवडायचं. घरात तसं करणारं कोणी राहिलं नव्हतं.

पिना मारून पंख्याखाली बसलात की तुम्ही श्रीधरला पत्र सांगायचात. हा आपला नेम झाला होता. मी वहीत उतरवून घ्यायचे, सोमवारी ऑफिसात इंग्रजीत टाइप करून मेल पाठवायचे, आणि त्याचं उत्तर आलं की छापून तुम्हाला आणून द्यायचे. तुमच्या मराठीतलं माझ्या मराठीत आणि मग इंग्रजीत, एवढ्या वळणांतून तुमची वाक्यं जायची. पण एक सांगते, तोवर मी त्यात पदरचा एक शब्द घातला नव्हता.

मे महिन्यात केस चांगले बसले म्हणून तुम्ही फोटो काढून पाठवायला लावलात. निळी साडी, खिडकीतला उजेड, डोकंभर बारीक कुरळ्या बटा. तुम्ही हसत नव्हतात, पण हसू दाबताय हे फोटोत दिसत होतं. श्रीधरचं उत्तर आलं. त्याला फार आवडलं. त्याने लिहिलं की अम्मा, कमाल केलीस, बरं झालं ती तेलकट वेणी एकदाची गेली, आता तू इथे आमच्यात शोभशील.

तुम्ही ते वाचून खूश झालात. पुढच्या रविवारी पत्र सांगितलंत, लिही, लांब केसांचा कंटाळा आला म्हणून पार्लरात जाऊन कापविले. मी तसं टाइप केलं. आणि मग माझा हात थांबेना. आता तू शोभशील, हे वाक्य मला सोमवारपर्यंत डाचत होतं. ज्या वेणीला तो तेलकट म्हणाला, ती त्याच्याच मुलासाठी गेली होती. समोर खोटं वाक्य दिसतंय आणि ते तसंच पुढे जाऊ द्यायचं, हे मला येत नाही, पगारच त्याचा घेते मी. तुमच्या मजकुराखाली मी माझा परिच्छेद लिहिला. तुमच्या आईने फॅशन म्हणून केस कापलेले नाहीत. तुमचा मुलगा जगावा म्हणून तिने ते देवाला दिले, आणि तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून ती दर रविवारी दोन तास पिना टोचून बसते. मला वाटलं, हे वाचून त्याला रडू येईल. मला वाटलं, तो त्याच दिवशी तिकीट काढेल. खरं सांगायचं तर मला जरा अभिमानही वाटला होता.

उत्तर फक्त माझ्या नावाने आलं. लांबलचक होतं. त्याने लिहिलं होतं की तो आणि त्याची बायको पंचावन्न दिवस त्या पेटीशेजारी बसून होते, मुलाला डॉक्टरांनी आणि नर्सेसनी वाचवलं, आणि आता आई इथे येऊन येणाऱ्याजाणाऱ्याला सांगणार की माझ्या केसांनी वाचवलं. बायकोचे आईवडील उन्हाळ्यात येणार आहेत, फोटो निघतील, विधवा आईचं डोकं आम्हीच भादरलं असं त्यांना वाटेल. आणि मूल नाजूक आहे, अनोळखी चेहऱ्याला घाबरतं, असं डोकं बघून घाबरेल. केस पूर्ण वाढायला साधारण किती दिवस लागतात? आईला आत्ता काही सांगू नका, मी पुढच्या वर्षीचं बघतो.

त्याचं पहिलं कारण मला पटलं नाही तरी समजलं, हे आज कबूल करते. त्या पंचावन्न दिवसांत मी नव्हते, तुम्हीही नव्हतात. पण बाकीची दोन? तुमचा फोटो त्याच्यासमोर होता. भादरलेलं डोकं त्यात कुठे होतं? मी तसं त्याला उलट लिहिलं. त्याचं उत्तर आलं नाही.

मग मी तुमच्याशी खोटं बोलले. ऑफिसातला प्रिंटर बिघडलाय म्हणाले. दोन रविवार तुम्ही पिना लावून पत्र सांगत होतात, काय काय आणू, तिथे थंडी केवढी असते, मुलाला रव्याची लापशी चालते का. आणि मी वहीत उतरवून घेत होते. जिला एक खोटं वाक्य पुढे जाऊ देता येत नव्हतं तिने वहीची पानंच्या पानं खोट्याने भरली.

तिसऱ्या आठवड्यात तुम्हीच त्याला फोन केलात. मी कामावरून आले तेव्हा तुम्ही खुर्चीत बसला होतात आणि केस तेलाने निथळत होते. जवसाचं पातेलं घासून पालथं घातलेलं होतं. मी काही बोलायच्या आत तुम्ही शांतपणे म्हणालात, "मी देवाला दिलें, मेधा. तूं श्रीधरला उपकार म्हणून दाखविलेंस."

मी भांडले. खरं तेच लिहिलं म्हणाले. तुमचा मुलगा कसा आहे ते निदान तुम्हाला कळलं म्हणाले. हे वाक्य मी बोलायला नको होतं. तुम्ही उठून आत गेलात. त्यानंतर घरात जेवणाचं विचारायचात, पाणी आलं की सांगायचात, बाकी काही नाही. जुलैत मी वेलचेरीला फ्लॅट बघितला आणि निघाले. निघताना तुम्ही दारात मला कुंकू लावलंत, थांब म्हणाला नाहीत. मीही थांबले नाही.

आता तुमच्यावरचा राग सांगते, कारण आता नाही सांगितला तर कधी सांगणार. तुम्ही श्रीधरला माफ केलंत, एका फोनात. पुढच्या वर्षी बोलावतो म्हणाला तेवढ्यावर तुमचं समाधान झालं, सरोजा मामींना तुम्ही सांगत होतात की बिचारा किती कामात असतो. आणि माझ्यावर मात्र अबोला. ज्याने तुम्हाला येऊ दिलं नाही त्याला लोणच्याच्या बरण्या पार्सलने गेल्या, आणि मी ऑगस्टमध्ये आईकडून नवा जवस घेऊन आले तर तुम्ही मला कॉफी दिलीत, गादीवर बसवलंत आणि म्हणालात, आतां कशाला, केस वाढले. वाढले नव्हते, अक्का. चार इंच होते. तेवढे तर फार छान वळतात.

ती जवसाची पिशवी तुम्ही ठेवूनही घेतली नाहीत. मी ती शेअर ऑटोत मांडीवर घेऊन वेलचेरीला परत आणली आणि खरंच चटणी केली.

ऑक्टोबरात नातवाचा वाढदिवस झाला. त्या दिवशी तुम्हाला फोन करावा असं माझ्या मनात होतं. केला नाही. तुम्ही करा आधी, असा माझा हट्ट. चुकले असेन तर पद्धतीत चुकले, गोष्ट खरीच होती, असं मी स्वतःला समजावत होते. अजूनही कधी कधी समजावते. तुमची माफी मागायची राहिली, पण नेमकी कशाची मागू हे मला आजही नीट सांगता येत नाही. खरं लिहिल्याची मागवत नाही. तुमचं खरं तुम्हाला न विचारता वापरलं, त्याची मागायला हवी होती. पाच महिन्यांत हे एवढं वाक्य मला सुचलं नाही, आणि मामींचा फोन आला.

काल तेरावा झाला. तुमच्याकडे त्याला शुभम म्हणतात, त्या दिवशी गोडधोड करून सुतक संपवायचं. मी यायला नको म्हणत होते, मामींनी ओढून आणलं. श्रीधर बैठकीत चटईवर बसला होता. दहनाच्या दिवशी त्याचं मुंडन झालं होतं, रीतच आहे. गोरं, गोल डोकं, त्यावर आता बारीक काळे खुंट आलेले. अगदी तुमचंच डोकं होतं ते, जानेवारीतलं. मी कोण ते त्याला कळलं होतं. मेल लिहिणाऱ्या तुम्हीच ना, असं त्याने विचारलं आणि मी हो म्हटलं. तो चांगला वागला. बसायला सांगितलं, पाणी मागवलं. त्याचे डोळे सुजलेले होते आणि मला ते बघायचं नव्हतं. मला तो दुष्टच असायला हवा होता.

त्याची बायको आणि मुलगा उशिरा निघाले होते, पासपोर्टचं काहीतरी राहिलं होतं. जेवणं चालू असतानाच ती दोघं विमानतळावरून आली. पोराने बापाला पंधरा दिवसांत पाहिलं नव्हतं, आणि असं तर कधीच नाही. सून दारातच थांबली. पोराचं तोंड स्वतःच्या खांद्याकडे वळवून ती श्रीधरला इंग्रजीत म्हणाली की टोपी घाल, रडेल तो. श्रीधर टोपी शोधायला उठला. टोपी कुठे सापडेना.

तोवर पोराने मान वळवून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. तेरा महिन्यांच्या त्या मुलाने आता रडावं असं मला वाटत होतं. तो रडला असता तर श्रीधरचं एक तरी कारण खरं ठरलं असतं आणि तुमचं अमेरिकेला जाणं उगाचच राहिलं नाही असं मला म्हणता आलं असतं. त्याने दोन्ही हात पुढे केले. श्रीधरने त्याला घेतलं. पोराने तळवा त्या खुंटांवरून पुढे नेला, मागे आणला, पुन्हा पुढे नेला, आणि खदखदून हसायला लागला. मग वाकून त्या डोक्याला तोंड लावलं, सगळी लाळ. पानावर बसलेली माणसं हसली, तेरा दिवसांत पहिल्यांदा. मामी डोळे पुसत हसल्या. श्रीधर हसला नाही. तो पोरासाठी मान खाली घालून उभा राहिला आणि तशीच मान ठेवून त्याने माझ्याकडे बघितलं.

माझ्याकडे त्याला सुनवायचं वाक्य तयार होतं, अक्का. पाच महिने तयार होतं, इंग्रजीत आणि मराठीत दोन्ही. मी ते बोलले नाही. तुमच्यासाठी मला एवढंच करता आलं.

पण तुम्हाला सांगायला हवं. तुमचा नातू घाबरला नाही, अक्का. जराही घाबरला नाही.